तमालेला तुमचं कोण आहे?

"तिथं तुमचं कोण आहे?" हा प्रश्न इसहाकभाईंना ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांत मीही आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मी पद्मजा, मूळची मिरजेची, जेद्दाच्या एका खाजगी हॉस्पिटलात लसीकरणाच्या खोलीत चौदा वर्षं नर्स. पिवळ्या तापाची लस घ्यायला माझ्याकडे ठरावीक माणसं येतात. जहाजावरचे खलाशी, विमान कंपन्यांतले लोक, सुदानचे व्यापारी. २०१८च्या जानेवारीत पन्नाशी ओलांडलेला एक बारकासा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला काळा मार्कर, तळहातांना दोरीचे घट्टे. फॉर्मवर लिहिलं होतं: इसहाक फिरफिरे, बाणकोट. आपला माणूस बघून मी मराठीतच सुरू झाले.

"घानाला कंपनी पाठवतेय का?"

"नाय सिस्टर."

"मग धंद्यासाठी?"

"नाय."

"अहो मग तिथं तुमचं कोण आहे?"

"कोण नाय. फिरायला चाललोय. पाठीवर बॅग टाकायची, एकवीस दिवस बसनं फिरायचं, नि परत यायचं."

मी हसले. तोंडावर हसले, सुई हातात असताना. इसहाकभाईंनी बाही वर केली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले. त्यांना त्या हसण्याची सवय असावी. लस टोचल्यावर मी पिवळं कार्ड भरून दिलं आणि उगाच भरपाई म्हणून सांगितलं, "हे कार्ड आता आयुष्यभर चालतं बरं का. पूर्वी दहा वर्षं चालायचं."

"आयुष्यभर?" ते म्हणाले. "म्हंजे लई झालं." कार्ड त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवला.

आडनाव फिरफिरे आणि माणूस सव्वीस वर्षं एका स्टुलावर! मीच नंतर त्यांना चिडवायची. जेद्दाच्या बलद भागात, जुन्या बाजाराच्या पोटात, एका छोट्या कार्गो ऑफिसात ते नोकरीला होते. हज-उमऱ्याला आलेले लोक जाताना वजनाबाहेरचं सामान तिथे देतात, आणि ते बोटीनं किंवा विमानानं त्यांच्या गावी जातं. आपले कोकणातले लोकही दापोली-श्रीवर्धनला खोके तिथूनच पाठवत. इसहाकभाई खोके बांधायचे आणि त्यावर पत्ते लिहायचे. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मात्र त्यांचा धंदा 'हम्माल' असा होता. एकोणीसशे ब्याण्णव साली ज्या व्हिसावर आले तो हम्मालाचा होता, आणि मग तो शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच.

मिरजेला खोका पाठवायला मी एकदा मुलीला घेऊन गेले तेव्हा त्यांचं काम बघितलं. आमच्या कीर्तीनं आणि मी घरी टेप चिकटवून आणलेला खोका त्यांनी शांतपणे उघडला. सगळं बाहेर काढलं. जड ते खाली, कपडे चारी कोपऱ्यांत, दुधाच्या पावडरीचे डबे मधे. मग नायलॉनची दोरी, चारी अंगांनी दोन वेढे, मधे एक पीळ, आणि उचलायला दोन कान. दाभणानं वर कापडी पट्टी शिवली आणि तिच्यावर मार्करनं पत्ता, इंग्रजीत नि अरबीत.

"खोका माणसाच्या बदली जातो ताई," ते म्हणाले. "त्याला जरा बरे कपडे घालायला लागतात."

त्या पत्त्यांनीच त्यांना नादी लावलं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांचे पत्ते म्हणजे बघण्यासारखे. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. एक पत्ता तर त्यांना तोंडपाठ होता: हाजिया फुसेना, लॉरी-स्टेशनच्या मागे, मोठ्या निंबाच्या सावलीत, तमाले, घाना. ही हाजिया फुसेना दरवर्षी उमऱ्याला यायची आणि परत जाताना पाच-सहा खोके अबाये, चादरी, नमाजाची जानमाजं घेऊन जायची. तिच्या गावी व्यापार होता तिचा. अठरा वर्षं इसहाकभाईंनी तिचे खोके बांधले. अठरा वर्षं ती म्हणायची, माझ्याकडे ये, भात खा. आणि दरवेळी खोके गेले.

"आमच्या बाणकोटात पत्ता असाच असतो," ते मला सांगत होते. "अमक्याच्या माडाखाली, तमक्याच्या विहिरीपाशी. सव्वीस वर्षं लिहितोय. एकदा तो निंब बघायचा हाय. खरंच एवढा मोठा हाय काय!"

एवढीच गोष्ट होती हो. माणसाला एक झाड बघायचं होतं, आणि ते बघायला कुणाच्या कामाशिवाय, कुणाच्या लग्नाशिवाय, कुणाच्या मयतीशिवाय जायचं होतं. आणि आत्ताच जायचं होतं, कारण सौदीकरणाची ती वर्षं होती. आज मोबाईलची दुकानं, उद्या कपड्यांची, परवा गाड्यांच्या सुट्या भागांची. कुठल्या धंद्यात किती टक्के स्थानिक माणसं हवीत याच्या याद्या निघत, आणि प्रत्येक यादीगणिक कुणीतरी सामान आवरत असे. आमच्या खोलीतही माझ्या हाताखाली दोन सौदी मुली शिकायला दिल्या होत्या. मुली चांगल्या होत्या, तीच अडचण होती. राग काढायला कुणी सापडत नव्हतं.

"इथून गेलो तं गेलो," इसहाकभाई म्हणायचे. "एकदा बाणकोटला परत बसलो, की मंग फिरायला जातो बोललो तं लोक मला डॉक्टरकडं नेतील."

ते खरंच होतं. आपल्याकडे माणूस कुणाकडे तरी जातो, कुठे जात नाही. बाणकोटहून त्यांच्या बायकोचा, मैमुनाभाभींचा, फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न तोच, "तिकडं कोण हाय तुमचं?" आधी त्यांना दुसऱ्या बायकोची शंका आली. मग वाटलं, इथली नोकरी गेली नि हे आफ्रिकेत नवी धरताहेत. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, सोन्याचा काहीतरी धंदा आहे. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी त्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं की दीनच्या, म्हणजे धर्माच्या, कामाला निघालात, माझ्यासाठी दुआ करा. इसहाकभाईंनी "तसं नाय चाचा, फिरायला" म्हटलं तर ते बुजुर्ग हसून म्हणाले, नेकी लपवणं हीसुद्धा नेकीच. आता याच्यापुढे माणसानं काय बोलावं!

एकट्या आमच्या कीर्तीला ते समजले. बारावीतली मुलगी, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. "आई, ही इज अ बॅकपॅकर. व्हॉट्स द प्रॉब्लेम?" म्हणाली. तिनं त्यांच्याबरोबर बसून बॅग निवडली, निळी, पाठीला जाळी असलेली. प्रॉब्लेम काय होता तो त्या सतरा वर्षांच्या पोरीला कसा कळणार! तिच्या जगात माणसं फिरायला जातात.

बॅगेचं वजन सात किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे तीस-तीस किलोचे खोके उचललेल्या माणसाची ती हौस. दुकानातल्या काट्यावर रोज दुपारी बॅग ठेवायची. दोन शर्ट, एक लुंगी, चादर, मच्छरदाणी, गोळ्या, दाभण आणि सुतळी. सात किलो चारशे झाले की चादर बाहेर, पुन्हा काटा, पुन्हा चादर आत. रद्दी झालेल्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून एक वही केली होती. तिच्यात इतक्या वर्षांतल्या गिऱ्हाइकांनी सांगितलेलं सगळं टिपलं होतं. अक्राहून कुमासीची बस कुठून सुटते, ट्रोट्रो नावाची गाडी भरल्याशिवाय हलत नाही (म्हणजे आमच्याकडचं वडाप), तमालेच्या पुढे लाराबंगाला मातीची पांढरी मशीद आहे, तिच्या आवारात विचारून रात्री अंग टाकायला मिळतं का ते बघायचं. हॉटेलचं नाव वहीत एकही नव्हतं.

आणि मग सामान यायला लागलं.

आखातात कुणी निघालं की त्याच्या हातात काहीतरी द्यायचं, ही आपली रीतच आहे. 'एवढं घेऊन जा' याला नाही म्हणायचं नसतं. मी स्वतः किती जणांच्या बॅगांत लोणच्याच्या बरण्या कोंबल्यात! पण इसहाकभाई बाणकोटला नाही, घानाला निघाले होते, आणि तरीही सामान आलं. बलदच्या मागे राहणाऱ्या घानाच्या लोकांनी आणलं. कुणी बहिणीसाठी इस्त्री, कुणी ब्लँकेट, एका शिंप्यानं तर कुमासीच्या भावासाठी शिवणयंत्राचं मुंडकं आणलं. इसहाकभाईंनी सगळ्यांना नाही सांगितलं. सांगून आल्यावर माझ्या खोलीत बसले आणि पाणी मागितलं.

"सव्वीस वर्षांत पयल्यांदा कुणाला सामानाला नाय बोललो ताई. तो शिंपी माझ्याकडं असा बघत होता... जसं काय मी त्याच्या भावालाच नाय बोललो."

मला त्या शिंप्याचा राग आला, आणि माझाही आला, कारण आदल्याच आठवड्यात मी विचारलं होतं की तिकडे शिआ बटर चांगलं मिळतं म्हणे, येताना एक डबा आणाल का.

आता अदनानबद्दल सांगायला हवं. सौदीकरणात कार्गो ऑफिसात आलेला माणूस. तिशीचा, दोन मुलांचा बाप, नम्र. इसहाकभाईंचं स्टूल काढून तिथे त्याची खुर्ची ठेवली, आणि त्याला काम शिकवायचं काम इसहाकभाईंना दिलं. त्यांनी मन लावून शिकवलं. बिल कसं करायचं, वजन कसं लिहायचं, कुठलं गिऱ्हाईक कुठल्या भाषेत रागावतं. अदनाननंही त्यांना जपलं. घानाच्या वकिलातीला पत्र हवं होतं, कारण 'हम्माल' धंद्याचा माणूस पर्यटनाला जातो हे कुठल्याच फॉर्मात बसत नाही. अदनाननं कंपनीच्या कागदावर इंग्रजीत छान पत्र लिहिलं की हे आमचे सर्वांत जुने आणि विश्वासू कर्मचारी. ते पत्र इसहाकभाईंनी मला तीनदा दाखवलं.

राहिला एक कागद. सौदीतून बाहेर जाऊन परत यायचं तर कंपनीकडून जाण्या-येण्याचा परवाना लागतो, आणि वकिलातीलाही तो बघायचा असतो. दर दोन वर्षांनी इसहाकभाई काउंटरवर जाऊन म्हणायचे, "छुट्टी लगाव." सगळं आखात हा शब्द ओळखतं. अरब मालकही ओळखतात. छुट्टी लावली की परवाना निघतो, माणूस गावी जातो, परत येतो. एवढे वेळा म्हटलेला शब्द. पण त्या दिवशी अदनानच्या समोर उभे राहिले नि तो तोंडातून निघेना.

मला नंतर त्यांनीच सांगितलं. "छुट्टी म्हंजे बाणकोट ना ताई. छुट्टी म्हंजे तुमची भाभी, पोरं, खोके, कुणाच्या तरी लग्नाची दावत. मी तं तिकडं जात नव्हतो. मग छुट्टी कसं बोलू? म्हणून बोललो, खुरूज."

खुरूज म्हणजे बाहेर जाणं. शब्दाचा अर्थ एवढाच. पण सौदीतल्या कामगाराच्या तोंडी खुरूज म्हणजे कायमचं बाहेर जाणं, नोकरी संपवून, इकामा परत करून. हे सव्वीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं का? होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात तो शब्द कागदावरचा नव्हता. त्यांना खरोखरच बाहेर जायचं होतं.

अदनाननं विचारलं, "खुरूज? नक्की?"

"हां, खुरूज. बस."

अदनान खुर्चीतून उठला. त्यानं इसहाकभाईंना मिठी मारली, कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "सामिहनी." मला माफ करा. इसहाकभाईंना फार बरं वाटलं. मोठ्या प्रवासाला निघताना एकमेकांची माफी मागायची, हे आमच्यातही आहे, पोर संस्कारी आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनीही त्याची माफी मागितली. दोघांनी एकमेकांना माफ केलं, आणि काय माफ केलं ते दोघांनाही कळलं नाही.

अदनाननं अर्ज कॉम्प्युटरवरून मालकाकडे पाठवला. मालकाचा होकार पाच मिनिटांत आला. एरवी चहाच्या कपांना मंजुरी द्यायला आठवडा लावणारा माणूस! तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. छापील कागद अदनाननं घडी घालून पाकिटात ठेवून दिला. तो त्यानं एकट्यानं केलेला पहिला कागद होता, आणि शिकवणाऱ्यानं मोठेपणानं तो उघडून बघितला नाही. जो माणूस दोरीची गाठ तीनदा ओढून बघायचा त्यानं हे केलं. पासपोर्ट, पत्र आणि ते पाकीट कुरिअरनं रियाधला घानाच्या वकिलातीत गेलं.

सतरा दिवसांनी पासपोर्ट परत आला. कोरा. सोबत दोन ओळींचं पत्र होतं: अर्जदाराला सौदी अरेबियातून अंतिम निर्गमन देण्यात आलं असल्यानं तो इथला रहिवासी राहिलेला नाही, त्यानं आपल्या मायदेशातून अर्ज करावा.

ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं, मी वाचून दाखवायची गरज नव्हती. नुसते खुर्चीवर बसले. मी वाचलं आणि माझा असा संताप झाला की मी त्या दोन मुलींवर खोली सोपवली, पर्स उचलली आणि त्यांना म्हटलं, चला.

"जाऊ द्या ताई."

"काही जाऊ बिऊ द्यायचं नाही. उठा."

टॅक्सीनं बलदला गेलो. अदनाननं पत्र वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, तुम्ही खुरूज म्हणालात, मी विचारलं होतं, नक्की का म्हणून. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तिथंच अडले. माझं अरबी सगळं दवाखान्याचं. हात सैल सोडा. खोल श्वास घ्या. घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटेल. चौदा वर्षं ज्या भाषेत लोकांना धीर दिला त्या भाषेत भांडायला मला एक वाक्य येत नव्हतं. आणि भांडणार तरी कुणाशी? त्यानं चूक केलीच नव्हती. त्यानं शब्द ऐकला होता.

"हे रद्द होतं," अदनान म्हणाला. "माणूस देशाबाहेर जायच्या आत कंपनी रद्द करू शकते. एक बटण आहे." तो धावत आत मालकाकडे गेला. आम्हीही मागोमाग गेलो.

कफील, म्हणजे ज्याच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो तो मालक, हा जुन्या मालकाचा मुलगा. इसहाकभाईंना आणलं ते याच्या वडिलांनी. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, कहवा मागवला. मग इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, रमजाननंतर त्यांचं नाव यादीत होतंच. मला दोन परदेशी कमी करायचे आहेत. वडिलांच्या वेळचा माणूस, मी त्यांना कसं सांगणार होतो? त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागितलं, तेव्हा मला वाटलं अल्लाहनं माझी लाज राखली."

"पण ते बटण," मी म्हटलं.

"ते दाबलं तर तीन महिन्यांनी हाच कागद मी त्यांच्या हातात द्यायचा. खलास, सिस्टर."

"तीन महिने तर तीन महिने! त्यांना एकवीसच दिवस हवेत!"

तो इसहाकभाईंकडे वळला. त्याला खरोखर काही समजेना. "इसहाक, घानात तुझं कोण आहे?"

इसहाकभाईंनी कहव्याचा पेला खाली ठेवला, मालकाच्या खांद्यावर हात ठेवून थोपटलं आणि बाहेर आले. मला त्यांचाही राग आला. भांडा की हो! टेबल आपटा! सव्वीस वर्षांत एकदा तरी! बाहेर ते स्टुलाच्या जुन्या जागेपाशी थांबले आणि अदनाननं नुकत्याच बांधलेल्या एका खोक्याची दोरी बोटानं ओढून बघितली. ढिली होती. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

कागद निघाल्यापासून देश सोडायला साठ दिवस असतात. उरलेल्या दिवसांत ज्याला त्याला कळलं की इसहाकभाई कायमचे गावी चालले, आणि आता सामान यायला लागलं ते बाणकोटच्या बाजूचं. इस्त्र्या, ब्लँकेटं, खजुराचे डबे, कुणाच्या सुनेचा मिक्सर. आता नाही म्हणायला कारणच नव्हतं. विमानतळावर पोचवायला मी नि कीर्ती गेलो तेव्हा ट्रॉलीवर तीन खोके होते, तिन्ही दुसऱ्यांचे. त्यांचं स्वतःचं म्हणजे हातातली प्लॅस्टिकची पिशवी.

"अंकल, व्हेअर इज द बॅग?" कीर्तीनं विचारलं.

"कार्गोनं पाठवली बेटा."

मी म्हटलं, बरं केलंत. मला वाटलं बाणकोटला पाठवली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले की पिवळं कार्ड तरी नीट ठेवलंय ना. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

मग सहा महिने गेले. आमच्या खोलीतली एक सौदी मुलगी लग्न होऊन गेली, दुसरी माझ्यापेक्षा चांगलं इंजेक्शन द्यायला लागली. इसहाकभाई मंडणगडला एका कुरिअर एजन्सीच्या काउंटरवर बसतात असं ऐकलं. पुन्हा पाकिटं, पुन्हा पत्ते. एका शुक्रवारी मी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "बॅग वापरता का नाही? का माळ्यावर टाकली?"

"पोचली ना. हाजियानं फोटो पाठवला."

"कोण हाजिया?"

"हाजिया फुसेना. तमालेची. तिच्या पडवीत खुंटीला लावून ठेवलीय. पाठीमागं निंब दिसतो ताई. खरंच मोठा हाय."

या माणसानं आपली सात किलोची बॅग, त्यातली वही, चादर, दाभण, सगळं खोक्यात घालून, दोरीचे दोन वेढे देऊन, वर स्वतःच्या हातानं तो पत्ता लिहून घानाला पाठवून दिली होती! मी रागावले. म्हटलं, अहो, असला कसला वेडेपणा, रागाच्या भरात चांगली बॅग घालवलीत.

"राग नाय ताई. सामान पुढं जातं नि माणूस मागनं जातो. सव्वीस वर्षं हेच बघितलं. माझं सामान गेलं, आता मला जायला लागंल. दिल्लीला अर्ज करायचाय. फॉर्म आणलाय समोर."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मैमुनाभाभी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांचा आवाज आला, तोच, वर्षभर मुरलेला, "परत तेच! तिकडं कोण हाय तुमचं?"

"माझी बॅग हाय," इसहाकभाई म्हणाले.

भांडी थांबली. मला वाटलं आता फुटणार. पण भाभी दारापर्यंत आल्या असाव्यात, कारण पुढचं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"कुणाच्या घरात?"

"एका हाजियाच्या. म्हातारी हाय. व्यापारी."

"परक्याच्या घरात सामान ठेवलंव नि सहा महिने आणलं नाय? काय बोलंल ती बाई! लोक काय बोलतील! जा नि घेऊन या आधी."

इसहाकभाई फोनवर हसले. मी हसले नाही. एक माणूस फिरायला निघाला होता, नुसता फिरायला, आणि त्याला बायको, मालक, वकिलात, मशीद, मी, कुणीच तेवढ्यावर जाऊ दिलं नव्हतं.

"फॉर्ममधी एक ओळ हाय," ते म्हणाले. "प्रवासाचं कारण. मागच्या टायमाला फिरणं लिहिलं होतं. आता काय लिहू?"

मी काही सांगायच्या आत मार्करचं टोपण उघडल्याचा आवाज आला. लिहिता लिहिता ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होते, पत्ता लिहिताना म्हणायचे तसे.

"सामान... आणायला."